‘पाहा’ असे लिहिलेले कार्ड

पुस्तकाची प्रत एक असली की कपाटात तिला जागाही एकच मिळते. वाचक मात्र तिच्याकडे अनेक वाटांनी येतात. एकाला लेखकाचे आडनाव माहीत असते, दुसऱ्याला शीर्षकातला पहिला शब्द. तिसऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते, त्याला नुसते ‘कापसावरच्या किडीबद्दल काहीतरी’ हवे असते. पुस्तके आडनावांप्रमाणे लावली तर विषय शोधणाऱ्याची पंचाईत, विषयाप्रमाणे लावली तर लेखक शोधणाऱ्याची. फळीवरची रचना कशीही केली तरी ती कोणातरी एकाच्याच सोयीची ठरते.

जुन्या ग्रंथालयात शिरल्यावर छोट्या छोट्या खणांचे जे लाकडी कपाट दिसते, ते या अडचणीवर काढलेली तोड आहे. पुस्तक हलवायचे नाही, पण वाचक ज्या ज्या वाटेने येईल त्या प्रत्येक वाटेवर त्याची नोंद ठेवायची. म्हणून एका पुस्तकाची साधारण तीन कार्डे होतात: लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे. सहलेखक, संपादक, अनुवादक किंवा ग्रंथमाला असेल तर आणखी. या सगळ्या कार्डांच्या डाव्या कोपऱ्यात एकच आकडा असतो. त्याची वरची ओळ वर्गांकाची, म्हणजे विषयाची, आणि खालची ग्रंथांकाची, म्हणजे त्या विषयातल्या त्या विशिष्ट पुस्तकाची. ड्यूई दशांश पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी कवितेचा वर्गांक ८९१.४६१ आणि कादंबरीचा ८९१.४६३. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मुक्तद्वार पद्धत नाही. वाचकाने चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा आणि शिपायाने आतून पुस्तक आणायचे. अशा ग्रंथालयात वाचकापुरता संग्रह म्हणजे ही कार्डेच. ज्याचे कार्ड नाही ते पुस्तकच नाही.

कार्ड दिसायला साधे असते. पाच इंच रुंद, तीन इंच उंच, त्यावर एक आडवी आणि डावीकडे दोन उभ्या लाल रेषा. पहिल्या उभ्या रेषेपासून लेखकाचे आडनाव, दुसरीपासून शीर्षक. त्यामुळे खण ओढून कार्डे भराभर चाळताना नजर एकाच ठिकाणी ठेवली तरी भागते. तळाशी मध्यभागी भोक असते आणि त्यातून खणाची सळई गेलेली असते. कार्ड वाचायला मोकळे, पण उपसून खिशात घालायला नाही. मुख्य कार्डाच्या, म्हणजे बहुधा लेखकाच्या कार्डाच्या, तळाशी किंवा पाठीमागे बारीक अक्षरात आणखी एक यादी असते, तिच्याकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. या पुस्तकाची दुसरी कार्डे कुठकुठल्या नावांखाली केली आहेत, याची ती नोंद. पुस्तक हरवले किंवा रद्द केले की ती यादी पाहून बाकीची कार्डे खणांतून काढायची. ही यादी नसेल तर नसलेल्या पुस्तकांची कार्डे वाचकांना वर्षानुवर्षे फुकट चिठ्ठ्या लिहायला लावतील.

कार्डांच्या आधी वही होती, आणि वहीच्याही आधी गुंडाळ्या. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या साहित्याची कॅलिमॅकस या कवीने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केलेली सूची १२० गुंडाळ्यांची होती. बांधीव यादीचे दुखणे तिच्या बांधणीतच असते. यादी पूर्ण होते त्या दिवशीही नवी पुस्तके येतच असतात आणि त्यांना दोन ओळींच्या मध्ये जागा नसते. मग समासात लिहायचे, चिकटपट्ट्या लावायच्या, पुरवणी काढायची, पुरवणीची पुरवणी काढायची. मराठी वाचनालयांच्या जुन्या छापील याद्या चाळल्या तर हा सगळा संसार दिसतो.

सुटी चिठ्ठी हा यावरचा उपाय सुचला तो तात्पुरता म्हणून. व्हिएन्नाच्या राजग्रंथालयात १७८० साली गॉटफ्रीट फान स्वीटन यांच्या देखरेखीखाली पुस्तकांच्या नोंदी चिठ्ठ्यांवर उतरवायला सुरुवात झाली. या चिठ्ठ्यांवरून पुढे भरभक्कम बांधीव सूची करायची होती. ती झालीच नाही. सुमारे तीन लाख चिठ्ठ्या २०५ पेट्यांत राहिल्या आणि त्यांनाच सूची म्हणून वापरू लागले.

दुसरी हकिकत फ्रान्सची, आणि मला ती जास्त आवडते. क्रांतीनंतर चर्चची आणि परागंदा सरदारांची ग्रंथालये सरकारजमा झाली. देशभर विखुरलेल्या लाखो पुस्तकांची यादी करायची होती, आणि ती करणारे लोक काही ग्रंथपाल नव्हते. १७९१ साली त्यांच्यासाठी सूचना निघाल्या, त्यांत नोंदी पत्त्यांवर करा असे सांगितले होते. हे पत्ते म्हणजे खेळायचेच. त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे, जाडी चांगली असे आणि आकार सारखा. शीर्षक लांबलचक असेल तर एक्का नाहीतर दुर्री घ्यायची, कारण त्यांची पुढची बाजूही बरीच मोकळी असते. प्रत्येक नोंदीत लेखकाच्या आडनावाखाली रेघ मारायची, लेखक अज्ञात असेल तर शीर्षकातल्या महत्त्वाच्या शब्दाखाली. मग पत्ते अकारविल्हे लावून कोपऱ्यातून सुईदोरा ओवायचा आणि गठ्ठा पॅरिसला पाठवायचा. तालिकेची, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीची, जगातली पहिली राष्ट्रीय नियमावली ती हीच. या सूचनांतली सगळ्यात हुशारीची गोष्ट पत्त्यांची नाही, ती रेघेची आहे. शोधणारा माणूस कुठल्या शब्दाने शोधेल, हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवायचे आणि खूण करून ठेवायची. पुढच्या दोनशे वर्षांचे तालिकीकरण म्हणजे त्या रेघेची चर्चा आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

यापुढचा इतिहास आवरता घेतो. ब्रिटिश म्युझियममध्ये ॲन्थनी पानिझ्झी यांनी १८४१ साली ९१ नियम छापले. हार्वर्डमध्ये १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला एझ्रा ॲबट यांनी कार्डांचे खण वाचकांसाठी खुले केले. तोवर चिठ्ठ्या हा ग्रंथपालाचा खाजगी कारभार असे. तिथेच उमेदवारी केलेल्या चार्ल्स कटर यांनी १८७६ साली तालिकेचे काम काय, हे नेमके मांडले. लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी एक गोष्ट माहीत असलेल्याला पुस्तक मिळाले पाहिजे, अमक्या लेखकाचे किंवा विषयावरचे ग्रंथालयात काय काय आहे ते एकत्र दिसले पाहिजे, आणि आवृत्त्यांतून निवड करायला मदत झाली पाहिजे. त्याच वर्षी मेल्विल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण आले. ड्यूई यांचे वेड प्रमाणीकरणाचे. कार्ड साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर असावे यावर ते अडून बसले, कार्डे आणि कपाटे विकणारी कंपनीही त्यांनी काढली. कार्डे लिहिणाऱ्यांचे अक्षरही एकसारखे हवे म्हणून ग्रंथालयशाळांत उभ्या, सुट्या अक्षरांचे खास वळण शिकवले जाई.

हे सगळे भारतात आले ते बडोद्यात. सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेत गेले होते, तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या मनात भरली. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. बॉर्डन तीनच वर्षे राहिले, पण तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, १९११ साली ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग निघाला, संस्थानासाठी वेगळी वर्गीकरण पद्धत तयार झाली. तिथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत.

बॉर्डननी आणलेले तंत्र बाहेरचे होते. त्याला इथली बुद्धी लागली ती मद्रासमध्ये. शियाळी रामामृत रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते; १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. तेच तुकडे वेगवेगळे जोडून वेगवेगळ्या वस्तू करायच्या. वर्गांकही असाच जोडता यावा, या कल्पनेतून १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण आले आणि १९३४ साली तालिकेची त्यांची संहिता. त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, आणि तालिकेतली त्यांची सगळी धडपड त्या एका सूत्राभोवती फिरते.

विषयाचे कार्ड नेमके कोणत्या शब्दाखाली करायचे, हा प्रश्न त्यांनी ज्या रीतीने सोडवला ती गणितज्ञालाच सुचावी. सुरुवातीचा कापसाच्या किडीवाला वाचक घ्या. त्याच्या पुस्तकाचा वर्गांक मोठ्याकडून लहानाकडे जातो: शेती, त्यात कापूस, त्यात कीड. रंगनाथन म्हणाले, ही साखळी शेवटच्या कडीपासून उलटी वाचा. मग कार्डे आपोआप तयार होतात: ‘कीड, कापूस, शेती’, ‘कापूस, शेती’, ‘शेती’. वाचक कीड म्हणो, कापूस म्हणो की शेती, तो योग्य खणापाशी पोचतो, आणि कार्डे करणाऱ्याला प्रत्येक पुस्तकामागे नवे डोके लढवावे लागत नाही.

रंगनाथन यांचे स्वतःचे नावही एक कोडे आहे. शियाळी हे गाव, रामामृत हे वडील, रंगनाथन हे त्यांचे नाव. आडनाव नाहीच. आडनाव पुढे घ्या, हा पाश्चात्त्य नियम इथे लंगडा पडतो.

मराठीत आडनावे आहेत, तरी सुटका नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आले ते विभावरी शिरूरकर या नावाने. या बाईंचे माहेरचे नाव बाळूताई खरे, सासरचे मालती बेडेकर. तिन्ही नावे मराठी वाचकांच्या तोंडी आहेत. त्यांची पुस्तके मुखपृष्ठावरच्या नावाप्रमाणे लावली तर तीन खणांत तीन लेखिका तयार होतात आणि कटर यांनी सांगितलेले दुसरे काम, एका लेखकाचे सगळे एकत्र दाखवणे, तिथेच बारगळते. म्हणून तालिकाकार एक नाव निवडतो आणि उरलेल्या नावांची कार्डे करतो. ‘खरे, बाळूताई. पाहा: शिरूरकर, विभावरी.’ एवढेच. त्या कार्डावर पुस्तक नसते, आकडा नसतो, फक्त पुढे कुठे जायचे ते असते. सगळ्या कपाटात मला सगळ्यात जास्त मोल या कार्डाचे वाटते. बाकीची कार्डे मुखपृष्ठ समोर ठेवून लिहिता येतात. ‘पाहा’ कार्ड लिहायला मुखपृष्ठावर नसलेले काहीतरी माहीत असावे लागते.

आणि मराठीत अशा कार्डांची गरज पदोपदी. केशवसुतांना दामले म्हणून शोधणारा विरळा, बालकवींना ठोंबरे म्हणून शोधणारा त्याहून विरळा. पण माधव ज्यूलियन आणि माधवराव पटवर्धन ही दोन्ही नावे चालतात, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर तर सारखेच चालतात, आणि बहुधा कवितेसाठी एक, कादंबरीसाठी दुसरे. राम गणेश गडकरी नाटकांवर गडकरी, कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. कवी अनिल यांचे आडनाव देशपांडे. त्यांना त्या आडनावाखाली टाकले तर पु. ल., पु. य., कुसुमावती, गौरी, सुनीता अशा गर्दीच्या खणात ते हरवलेच म्हणून समजा. लेखक ज्या नावाने वाचकांत ओळखला जातो ते नाव घ्यावे, हा साधारण नियम झाला. त्यातही भांडायला जागा उरतेच.

संतांची तऱ्हा वेगळी. तुकाराम, एकनाथ यांना नावानेच लावायचे, आडनाव आणायचे नाही, आणि ‘संत’ हा शब्द क्रमात मोजायचा नाही, जसा ‘लोकमान्य’ किंवा ‘डॉ.’ मोजत नाहीत. पण ज्ञानेश्वर म्हणायचे की ज्ञानदेव? ग्रंथाचे नाव भावार्थदीपिका, लोक म्हणतात ज्ञानेश्वरी, मुखपृष्ठावर छापलेले असते ‘श्रीज्ञानेश्वरी’ नाहीतर ‘सार्थ ज्ञानेश्वरी’. शीर्षकातल्या पहिल्या अक्षरावर विसंबलो तर एकच ग्रंथ भ, ज्ञ, श आणि स अशा चार खणांत विखुरतो. इतिहासकार राजवाडे यांनी संपादित केलेली प्रत आणि साखरे यांची प्रत शेजारी ठेवून बघायची असलेल्या अभ्यासकाला याचा त्रास किती होतो, ते त्यालाच विचारावे. इथे तालिकाकार सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक ठरावीक नाव देतो आणि त्याखाली त्या एकत्र आणतो. उलटा घोळही असतो: नाव एक, माणसे दोन. संत नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना वेगळ्या काढण्यात संशोधकांची कितीतरी शक्ती गेली आहे, आणि तो निवाडा शेवटी कुणालातरी कार्डावर उतरवावा लागतो.

फळीवर दुरावलेल्यांना कार्ड एकत्र आणते, याचे गोव्याचे उदाहरण सुंदर आहे. बा. भ. बोरकरांनी मराठीत लिहिले आणि कोंकणीतही. वर्गीकरण भाषेप्रमाणे, त्यामुळे त्यांची मराठी कविता एका जागी, कोंकणी कविता दुसऱ्या. लेखकाच्या खणात मात्र बोरकर सलग सापडतात.

नाव ठरले तरी क्रम ठरायचा असतो. क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी ठेवायचे की क आणि ज यांच्या जोडाक्षरांत? अनुस्वार आधी की नंतर? यांतले कुठलेही उत्तर चालते, पण एका ग्रंथालयात एकच चालते. त्यात १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. म्हणजे राजवाडे यांची ‘साधनें’ आणि आताची ‘साधने’ एकाच ठिकाणी यायची असतील तर कार्डे लावणाऱ्याने ते टिंब न पाहिल्यासारखे करायचे. माणसाला हे जमते.

ग्रंथालयाची तालिका इथे काय आहे ते सांगते. मराठीत एकूण काय काय छापले गेले, हा प्रश्न वेगळा, आणि त्याला शंकर गणेश दाते यांनी आयुष्य दिले. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तके आहेत, दुसऱ्यात १९३८ ते १९५० पर्यंतची. टोपणनावामागचा माणूस कोण, हे शोधताना तालिकाकाराला आजही हाताशी लागतात ते दाते.

मराठी पुस्तकांची कार्डे अमेरिकेतही गेली. भारताला विकलेल्या धान्याचे रुपये अमेरिकेकडे साठले होते. पी. एल. ४८० या कायद्याखाली त्या रुपयांतून भारतीय पुस्तके घेण्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ साली दिल्लीत कचेरी उघडली. अमेरिकेतल्या विद्यापीठांत मराठीचे जे संग्रह आहेत त्यांना या योजनेचा मोठा हातभार लागला. मात्र या कार्डांवर मराठी नावे रोमन अक्षरांत, आणि नियम असा की शेवटचा ‘अ’ बोलण्यात नसला तरी लिहायचा. त्यामुळे टिळक तिथे ‘टिळका’सारखे दिसतात आणि कुसुमाग्रज ‘कुसुमाग्रजा’सारखे. शिकागोतल्या मराठी विद्यार्थ्याने आपल्या सवयीचे स्पेलिंग टाकले तर त्याला आपलेच लेखक सापडायला वेळ लागतो.

कार्डे संपली ती संगणकाने. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हराम यांनी १९६० च्या दशकात पुस्तकाची नोंद यंत्राला वाचता येईल असा साचा बनवला, तो आजही जगभर वापरात आहे. त्या संस्थेने १९०१ पासून चालवलेली छापील कार्डांची विक्री १९९७ मध्ये थांबवली, आणि ग्रंथालयांना कार्डे पुरवणाऱ्या ओहायोतल्या ओसीएलसी या संस्थेने शेवटची कार्डे १ ऑक्टोबर २०१५ रोजी छापली. कादंबरीकार निकल्सन बेकर यांनी १९९४ सालीच गळा काढला होता की कार्डांवर पिढ्यान्‌पिढ्यांनी हाताने केलेल्या बारीक नोंदी संगणकात न उतरवता कार्डे कचऱ्यात जात आहेत. त्यांची तक्रार खरी होती, पण म्हणून खणांकडे परत जावे असे मला वाटत नाही. संगणकात शीर्षकातल्या कुठल्याही शब्दावरून पुस्तक शोधता येते, घरबसल्या येते, पुस्तक बाहेर गेले आहे की आत आहे तेही कळते. कार्डाला यातले काहीही जमत नव्हते.

घोळ होतो तो असा की शोधचौकट वाचकाने टाइप केलेली अक्षरेच तेवढी जुळवते. कार्डे लावणारा टिंब न पाहिल्यासारखे करी, यंत्र पाहते. ‘शिरूरकर’ आणि ‘शिरुरकर’ त्याच्या लेखी दोन बायका आहेत. युनिकोड येण्याआधी जुन्या फाँटांत भरलेल्या नोंदी तर पडद्यावर मराठी दिसतात आणि शोधात येतच नाहीत. यावर उपाय नवा नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या कोहासारख्या प्रणालीत लेखकनामांचा वेगळा विभाग असतो. एका नावाला सगळी पर्यायी नावे जोडली की कुठल्याही नावाने शोधले तरी सगळी पुस्तके येतात. हे ‘पाहा’ कार्डच, फक्त विजेवरचे. जगातल्या अनेक राष्ट्रीय ग्रंथालयांनी आपापल्या अशा याद्या एकमेकींना जोडल्याही आहेत. पण बाळूताई खरे कोण, हे त्या विभागात कोणीतरी भरावे लागते, आणि तो विभाग रिकामा ठेवला तरी सॉफ्टवेअर चालू राहते, पुस्तकांची देवघेव होत राहते.

तोवर वाचकाने आपल्यापुरती युक्ती करावी. एका नावाने मिळाले नाही तर टोपणनाव टाकावे, ऱ्हस्वदीर्घ बदलून पाहावे, रोमनमध्ये टाकून पाहावे. विषयाचे एक जरी पुस्तक सापडले तरी त्याचा वर्गांक टिपून घ्यावा आणि तोच आकडा शोधात टाकावा. आकड्याला शुद्धलेखन नसते, त्यामुळे त्या फळीवरची झाडून सगळी पुस्तके समोर येतात, भलत्याच स्पेलिंगखाली नोंदलेलीही.